वैश्विक फुगवटा सिद्धान्त

वैश्विक फुगवटा (इन्फ्लेशन) हा विश्वरचनाशास्त्रातील एक सिद्धान्त आहे. विश्वाच्या आरंभी, सेकंदाच्या अत्यल्प अंशात, अवकाश किमान १ वर २६ शून्ये इतक्या पटीने प्रसरण पावले, असे तो मांडतो. अर्थशास्त्रातील चलनफुगवट्याशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे. पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका) या संस्थेत या सिद्धान्ताच्या पुराव्यांवर काम करणारे संशोधक आणि त्याचे ठाम टीकाकार एकाच वेळी कार्यरत होते.

पार्श्वभूमी

महास्फोटानंतर उरलेले सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण आकाशाच्या सर्व दिशांनी येते. त्याचे तापमान २.७२५ केल्विन असून त्यात लाखात एक भाग एवढाच फरक आढळतो. साध्या महास्फोट प्रतिमानानुसार, आकाशात सुमारे दोन अंशांहून (पौर्णिमेच्या चार चंद्रबिंबांइतक्या अंतराहून) दूर असलेल्या भागांचा त्या काळापर्यंत परस्परांशी संपर्कच आलेला नव्हता. मग त्यांचे तापमान सारखे कसे? हा क्षितिजाचा प्रश्न होय. विश्वाची भूमिती इतकी सपाट का, हा दुसरा प्रश्न.

अलेक्सी स्टारोबिन्स्की (१९८०) व ॲलन गुथ (१९८१) यांनी आरंभीच्या वेगवान प्रसरणाची कल्पना मांडली. गुथ यांच्या मूळ प्रतिमानात फुगवटा सुरळीतपणे संपत नसे. १९८२ मध्ये आंद्रेई लिंडे यांनी, तसेच आंद्रेआस आल्ब्रेख्त व पॉल स्टाइनहार्ट यांनी तो दोष दूर केला. संपर्कात असलेला इवलासा प्रदेशच फुगून आज दिसणारे विश्व झाले, असे मानले की दोन्ही प्रश्न सुटतात.

पुरावे

फुगवट्याच्या काळातील पुंजीय चढउतार ताणले जाऊन दीर्घिकांची बीजे झाली, हे या सिद्धान्ताचे सर्वांत फलदायी भाकीत. हे चढउतार लहान-मोठ्या सर्व अंतरांवर जवळपास सारखे, पण अगदी सारखे नसावेत, अशी अपेक्षा होती. कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये प्रारणातील चढउतार प्रथम नोंदवले. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत संबंधित निर्देशांक ०.९६५ आला. पूर्ण समानता असती तर तो १ असता. डब्ल्यूमॅपच्या २००३ मधील निरीक्षणांत तापमान व ध्रुवीकरण यांचा क्षितिजापलीकडील अंतरांवरही परस्परसंबंध दिसला, हा त्याहून बोलका पुरावा मानला जातो.

पुण्यातील संशोधन

आयुकाचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर हे फुगवट्याचेच नव्हे, तर महास्फोटाचेही टीकाकार होते. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये दाखवले होते की, स्थिर स्थिती सिद्धान्तातील निर्मितिक्षेत्रामुळे होणाऱ्या प्रसरणात आरंभीची विषमता आपोआप पुसली जाते. पुढे फुगवट्याच्या पुरस्कर्त्यांनी याच गुणाचा आधार घेतला. नारळीकर व थानू पद्मनाभन यांनी १९९१ मध्ये 'खगोलशास्त्रज्ञांसाठी फुगवटा' अशा आशयाचा चिकित्सक आढावा लिहिला. आक्षेपाचे मूळ स्पष्ट होते: फुगवट्याशी जोडली जाणारी ऊर्जा आजच्या सर्वांत मोठ्या त्वरकातील ऊर्जेच्या सुमारे एक लाख कोटी पट असू शकते, त्यामुळे तेथील भौतिकी प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

याच संस्थेत वरुण साहनी यांनी फुगवट्यातून निर्माण होणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा अभ्यास केला. १९९२ मध्ये तरुण सौरदीप व साहनी यांनी, कोबेच्या संकेतात अशा लहरींचाही वाटा असू शकतो, हे तपासले. पुढे सौरदीप व संजीत मित्रा प्लँक प्रकल्पात सहभागी झाले. विश्व सर्व दिशांना सांख्यिकीय दृष्ट्या सारखे आहे का, हे मोजण्याची पद्धत अमीर हाजियान व सौरदीप यांनी २००३ मध्ये विकसित केली. या पद्धतीने डब्ल्यूमॅपच्या नकाशांत असमानतेची ठळक खूण सापडली. ती विश्वाची नसून दुर्बिणीची शलाका पूर्ण वर्तुळाकार नसल्याचा परिणाम होती, हे पुढील विश्लेषणांत दिसून आले. त्यात पुण्यातील गटाचाही वाटा होता.

मतभेद असूनही २००३ मध्येच हाजियान व सौरदीप यांनी नारळीकर, हॉईल, जेफ्री बर्बिज आदींसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रारणातील चढउतारांचे मुख्य शिखर महास्फोटाविना, दीर्घिकांच्या गुच्छांच्या आधारे समजावता येते का, हे त्यात पाहिले होते. हे प्रतिमान बहुसंख्य संशोधकांनी स्वीकारले नाही.

मतभेद

फुगवट्याच्या जनकांपैकी एक असलेले स्टाइनहार्टच त्याचे कडवे विरोधक झाले. अनंत फुगवट्यातून असंख्य विश्वे निर्माण होत असतील, तर काहीही संभवते आणि सिद्धान्त खोटा ठरवता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१७ मध्ये त्यांनी ॲना इजास व एव्ही लोब यांच्यासह लिहिलेल्या लेखाला गुथ, लिंडे, स्टीफन हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी जाहीर उत्तर दिले. प्रत्येक प्रतिमान स्वतंत्रपणे तपासता येते आणि काही प्रतिमाने बादही झाली आहेत, असा त्यांचा प्रतिवाद होता. आरंभीची स्थिती मुळातच अतिशय सुव्यवस्थित असावी लागते व फुगवटा तिचे स्पष्टीकरण देत नाही, हा रॉजर पेनरोज यांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे.

गुरुत्वीय लहरींचा शोध

आद्य गुरुत्वीय लहरींची ध्रुवीकरणातील वलयाकार खूण सापडल्यास तो सर्वांत सबळ पुरावा ठरेल. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ गटाने ती सापडल्याची घोषणा केली. मात्र प्लँकसह केलेल्या २०१५ च्या संयुक्त विश्लेषणात संकेताचा मोठा भाग आकाशगंगेतील धुळीचा असल्याचे आढळले. लहरींचे घनतेच्या चढउतारांशी असलेले प्रमाण बायसेप-२ ने ०.२ सांगितले होते. २०२१ मधील निरीक्षणांनुसार ते ०.०३६ पेक्षा कमी आहे. त्यामुळे अनेक साधी प्रतिमाने बाद झाली, स्टारोबिन्स्कींचे टिकले. मात्र २०२५ मध्ये अटाकामा दुर्बिणीच्या व इतर निरीक्षणांच्या एकत्रित विश्लेषणात चढउतारांचा निर्देशांक ०.९७४ आला असून, त्यामुळे याही प्रतिमानावर ताण आला आहे. याच शोधासाठी 'सीएमबी-भारत' या उपग्रहाचा प्रस्ताव भारतीय संशोधकांनी २०१८ मध्ये इस्रोकडे दिला. जपानच्या नेतृत्वाखालील लाइटबर्ड उपग्रहाचेही तेच उद्दिष्ट आहे.