पवित्र कबरीचे टेकू

जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये, मोठ्या घुमटाच्या बरोबर खाली, संगमरवरी भिंतींची एक लहानशी वास्तू आहे. क्रुसावरून उतरवलेल्या येशूचा देह जिथे ठेवला, तो खडक परंपरेनुसार तिच्या पोटात आहे. 1927 च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली. 1947 मध्ये ब्रिटिश प्रशासनाने तिला लोखंडी तुळयांचे टेकू दिले, आणि ते तात्पुरते टेकू जवळजवळ सत्तर वर्षं तसेच राहिले.

घोडं अडलं होतं दुरुस्तीच्या संमतीपाशी. ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, अर्मेनियन, कॉप्ट, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा पंथांचा इथे वावर. कुठला दिवा कोणाचा, कुठली पायरी कोणी झाडायची, हे जुन्या वहिवाटीने ठरलेलं. 1852 च्या ऑटोमन फर्मानाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. दर्शनी खिडकीखालची एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून त्याच जागी आहे. दाराची किल्ली जूदेह या मुस्लिम घराण्याकडे, तर दार उघडण्याचा मान नुसैबेह घराण्याकडे. ही व्यवस्था हटवादी वाटते खरी, पण तिच्यामुळेच कुणा एकाला ही जागा गिळता आली नाही.

पण मूळ कबर उरली तरी होती का? येशूच्या काळी ही तटाबाहेरची जुनी दगडखाण होती आणि तिथे ज्यू लोकांच्या कबरी होत्या. रोमन सम्राट हेड्रियनने तिथे भराव घालून मंदिर उभारलं. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने ते पाडायला लावलं, भोवतीचा खडक तासून कबर मोकळी केली. 335 मध्ये चर्चचं समर्पण झालं. पुढे 614 मध्ये पर्शियन सैन्याने चर्च जाळलं. 1009 मध्ये खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने कबरीच्या खडकावरच घाव पडले. 1808 च्या आगीनंतर आजची संगमरवरी वास्तू बांधली गेली.

अखेर दुरुस्तीसाठी तीन प्रमुख पंथ एकत्र आले. ऑक्टोबर 2016 मध्ये अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या अँटोनिया मोरोपुलू यांच्या पथकाने कबरीवरची संगमरवरी लादी सरकवली. खाली क्रूस कोरलेली दुसरी, भंगलेली लादी निघाली; तिच्याखाली चुनखडीचा मूळ ओटा. त्या लादीखालच्या चुन्याचा काळ साधारण 345 निघाला, म्हणजे चौथ्या शतकातलाच. ती कबर कोणाची, हे चुना सांगत नाही. कॉन्स्टंटाइनच्या काळी मढवलेला खडक मात्र हाच, याला त्याने भक्कम आधार दिला.

22 मार्च 2017 रोजी वास्तू पुन्हा खुली झाली, टेकूंविना. 2022 मध्ये याच पंथांच्या संमतीने चर्चची फरशी उकलायला सुरुवात झाली. तिच्याखाली खाणीचे थर आहेतच, शिवाय ऑलिव्ह आणि द्राक्षवेलींचे अंशही सापडले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात कबरीची जागा बागेत असल्याचा उल्लेख आहे.