पाच मेळ, एक रंगमंच

इ. स. २००१ मध्ये उत्तर अमेरिकेत 'जिप्सी कॅरव्हॅन' या नावाचा एक फिरता जलसा निघाला. चार देशांतले पाच मेळ सहा आठवडे एका बसमधून शहरोशहरी हिंडले. रुमानियातले दोन : क्लेजानी गावच्या फिडलवाल्यांचा 'ताराफ द हैदूक' आणि झेचे प्राझिनी या खेड्यातल्या वाजंत्र्यांचा 'फानफारे चोकर्लिया'. तिसरी मॅसिडोनियाची नामांकित गायिका एस्मा रेजेपोव्हा. चौथा स्पेनमधल्या आंतोनिओ एल पिपा यांचा फ्लामेंकोचा संच. पाचवा आपल्या राजस्थानातला, 'महाराजा' नावाचा. जस्मिन देलाल यांनी या दौऱ्यावर काढलेला बोलपट २००६ साली लोकांपुढे आला. त्यात हे सर्व कलावंत एका रंगमंचावर एकत्र वाजवताना दिसतात.

ही एकी कोठून आली? सोपे उत्तर असे की, रक्ताने रक्त ओळखले. आम्हांस ते पुरते पटत नाही.

नाते आहे, यात शंका नाही. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले. १७८२ साली र्‍युडिगर या जर्मन पंडिताने भाषेच्या आधारे हे दाखवून दिले. आजही रोमानी बोलीत पाण्याला पानी, कानाला कान, नाकाला नाख आणि मिठाला लोन म्हणतात. आकडे मोजताना ते येख, दुय, त्रिन, श्तार, पांज म्हणतात. पण सात, आठ, नऊ यांना त्यांचे शब्द ग्रीक आहेत. वाटेत ग्रीक मुलुखात मुक्काम किती लांबला, हे या तीन आकड्यांवरून कळते. 'रोम' हा शब्द आपल्या 'डोम', 'डोंब' यांच्याच घराण्यातला, असे भाषापंडित मानतात.

पण संगीताचे तसे नाही. रुमानियाच्या रोमांचे संगीत स्पेनच्या रोमांना परके, आणि स्पेनच्यांना तर रोमानी बोलीही राहिलेली नाही. राजस्थानचे गायक-वादक हे रोमा नव्हेत आणि रोमांचे पूर्वजही नव्हेत. ते आपल्यासारखेच आजचे लोक आहेत. मग या सर्वांत समान काय? आमच्या मते, धंदा समान आहे. दुसऱ्याच्या लग्नात वाजवायचे, यजमानाला हवी ती चाल धरायची, आणि पंगतीपासून लांब बसायचे! ज्या देशात गेले त्या देशाचे संगीत त्यांनी उचलले, कारण पोट त्यावर होते. आणि ते देशवाल्यांहून सरस वाजवले, कारण त्यावाचून कोणी बोलावले नसते.

या धंद्याला बेडीही होती. वालाखिया आणि मोल्दाविया या रुमानियन संस्थानांत रोमा लोक सुमारे पाचशे वर्षे गुलाम होते. मठ, सरदार आणि राजदरबार हे त्यांचे मालक. सरदाराच्या मेजवानीत वाजवणारा 'लाऊतार' पुष्कळदा त्याच सरदाराचा गुलाम असे. १८५५-५६ साली गुलामगिरी उठली, तेव्हा नुकसानभरपाई मालकांना मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गुलामांना नव्हे. स्पेनमध्ये १७४९ साली एका राजाज्ञेने सुमारे ९,००० रोमांना पकडले आणि पुरुषांना आरमारी गोद्यांत सक्तीने राबवले. नाझींनी तर किमान दोन लाख, आणि काही अभ्यासकांच्या मते पाच लाख रोमा मारले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झच्या छावणीत चार हजारांहून अधिक रोमा एकदम मारले गेले.

तेव्हा रंगमंचावरची एकी रक्तातून आपोआप उगवत नाही, ती घडवावी लागते. हे आम्हांस संघटनेच्या कामात वारंवार दिसले आहे. एका गिरणीत शेजारी-शेजारी उभे राहिल्याने कामगार एक होत नाहीत. एकमेकांची बोली, एकमेकांचे दुखणे समजल्यावर होतात. रोमांनी राजकारणातही हेच केले. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. निळ्या-हिरव्या निशाणावर त्यांनी लाल चक्र घेतले. भारतीय मुत्सद्दी वीर राजेंद्र ऋषी या कार्यात होते. त्यांनी पुढे चंदीगडला रोमांच्या अभ्यासाची संस्था चालवली आणि तेथे रोमा महोत्सव भरवले.

परंतु टाळ्यांनी हक्क मिळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९८९ नंतर रुमानियातले सरकारी कारखाने आणि सामुदायिक शेते मोडली, तेव्हा कामावरून आधी निघाले ते रोमा. २०१० साली फ्रान्सच्या सरकारने रोमांच्या वस्त्या उठवून त्यांना रुमानिया-बल्गेरियात परत धाडले. त्याच फ्रान्समधल्या नाट्यगृहांत रोमा वादकांना टाळ्या पडत होत्या.

आपणही फार ऐटीत राहू नये. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने येथल्या अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला, लोकांच्या मनातून अजून नाही. हजार वर्षांपूर्वी दूर गेलेल्या भावाचे कौतुक करणे सोपे असते. वेशीबाहेर पाल ठोकून बसलेल्या भावाला रेशनकार्ड आणि शाळा मिळवून देणे कठीण. रोमांचा इतिहास वाचून जो या दुसऱ्या कामाला लागेल, त्यानेच तो खरा वाचला, असे आम्ही म्हणू.