विद्यापीठांतील दुरुस्तीची खोली

शास्त्राच्या इतिहासांत शोध लावणाऱ्यांचीं नांवें मोठ्या गौरवानें घेतलीं जातात. परंतु ज्या उपकरणांवर ते शोध लागले तीं मोडल्यावर कोणीं व कोठें बसून नीट केलीं, याची विचारपूस क्वचितच होते. दुरुस्ती हें हलकें काम. तें कारागिराच्या गळ्यांत घालून पंडितानें मोकळें व्हावें, ही समजूत या उपेक्षेच्या मुळाशीं आहे. तिचें खंडन करणारें एक उदाहरण स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या इतिहासांत सांपडतें. तें आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जमेकांतील अलेक्झांडर मॅकफर्लेन या धनिकानें आपलीं ज्योतिषाचीं उपकरणें मृत्युपत्रानें या विद्यापीठास दिलीं होतीं. १७५६ सालीं तीं ग्लासगोस आलीं, तेव्हां समुद्रप्रवासानें खराब झालेलीं होतीं. लंडनांत वर्षभर उपकरणें करण्याचा धंदा शिकून नुकताच परतलेला जेम्स वॅट नांवाचा वीस वर्षांचा तरुण तेथें होता. त्यानें तीं नीट करून दिलीं, व त्याबद्दल त्यास ५ पौंड मिळाले. एवढ्यावरच हें प्रकरण संपतें, तर तें लिहिण्याचें कारण पडलें नसतें. परंतु पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७५७ सालीं, विद्यापीठानें आपल्या आवारांतच त्यास कामासाठीं जागा दिली. काम पडेल तेव्हां कारागीर बोलावणें निराळें, आणि कारागिरास विद्येच्या घरांत बिऱ्हाड देणें निराळें. या जागेंत रसायनाचे अध्यापक जोसेफ ब्लॅक येऊन बसूं लागले. त्या वेळीं विद्यार्थी असलेला जॉन रॉबिसन हाही येऊं लागला. कानशीचा आवाज आणि शास्त्राची चर्चा एका छपराखालीं नांदूं लागली.

सृष्टिशास्त्राच्या वर्गांत न्यूकोमेनच्या वाफेच्या पंपाची एक लहान प्रतिकृति होती. या यंत्रांत नळकांड्यांत वाफ भरून तींत थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचें पाणी होऊन पोकळी उत्पन्न होई, व बाहेरील हवेच्या दाबानें दट्ट्या खालीं येई. ही प्रतिकृति दुरुस्तीसाठीं लंडनास सिसन या कारागिराकडे गेली होती. ती परत आणण्यासाठीं विद्यापीठास १७६० सालीं पैसे मंजूर करावे लागले. पुढें १७६३-६४ च्या हिंवाळ्यांत अध्यापक जॉन अँडरसन यांच्या वर्गासाठीं ती वॅटच्या हातीं आली.

वॅटनें ती नीट केली. तथापि कांहीं फेरे होतांच वाफ संपे व यंत्र थांबे. निव्वळ मजुरीवर दृष्टि ठेवणारा येथेंच थांबता. वॅटनें मात्र वाफ जाते कोठें, हा प्रश्न धरून ठेवला. नळकांडें अवघें दोन इंच व्यासाचें. आकारमानाच्या मानानें त्याचा पृष्ठभाग फार, आणि प्रत्येक फेऱ्यांत तें थंड करून पुन्हां तापवावें लागे. त्यानें मोजमाप सुरू केलें. वाफ आपल्या वजनाच्या सुमारें सहापट पाणी उकळीस आणते, हें पाहून तो चकित झाला व ब्लॅककडे गेला. तेव्हां ब्लॅकनें त्यास आपला गुप्त उष्णतेचा सिद्धान्त समजावून सांगितला. १७६५ सालीं, वाफ निराळ्या पात्रांत थंड करावी म्हणजे नळकांडें सदा तप्त ठेवतां येईल, ही युक्ति वॅटला सुचली. १७६९ सालीं तिची सनद त्यास मिळाली, व पुढील उद्योगयुगाचें मोठें द्वार उघडलें.

खोली दिली कीं तींतून वॅट निपजतो, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बिघडलेली वस्तु, ती वापरणारा अध्यापक आणि ती उघडून पाहणारा हात हीं तिन्हीं जवळ असलीं, म्हणजे बिघाड हाच एक प्रश्न होऊन बसतो. दूरच्या दुकानांतून ती वस्तु नीट होऊन आली तरी प्रश्न मात्र वाटेंतच हरवतो.

आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांचा विचार करितां हें उदाहरण मनास बोचतें. पुष्कळ ठिकाणीं मोडके तराजू व बंद पडलेलीं विद्युन्मापकें कपाटांत कुलुपबंद पडून असतात, आणि मोडणाऱ्या मुलास दंड होतो. त्यामुळें मुलगा एकच विद्या शिकतो, ती म्हणजे मोडलेलें लपविण्याची. वास्तविक फार मोठा खर्च नको. खिडकीच्या उजेडाशीं एक भक्कम टेबल, त्यास जखडलेला शिकंजा, भिंतीवर ठरलेल्या जागीं कानशी, पकडी व पेंचकस, डाग देण्याचें साहित्य, आणि नादुरुस्त व दुरुस्त वस्तूंसाठीं दोन निराळे खण एवढ्यानें प्रारंभ होतो. याबरोबर एक वही मात्र अवश्य हवी. काय मोडलें, कशानें मोडलें व कसें नीट झालें, हें तींत मुलांनींच लिहावें; ज्यानें मोडलें त्यानेंच शिक्षकांच्या देखरेखीखालीं तें उघडावें.

वॅटनें दुरुस्त केलेली ती प्रतिकृति ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे. ती पूर्ण निर्दोष चालती, तर कदाचित् कोणाचेंच लक्ष तिच्याकडे गेलें नसतें. आपल्या कपाटांतील मोडक्या उपकरणांकडेही एकदां या दृष्टीनें पाहावें, इतकीच आमची शिक्षकांस व पालकांस विनंति आहे.