बीकॉम, बीएमएस आणि मध्येच आलेली सीईटी

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून त्याची ओळख. १९१८ ते १९२० डॉ. आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकवायचे. तेव्हापासून कॉमर्स म्हणजे बीकॉम.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबई विद्यापीठाने बीएमएस आणलं. फी जास्त, पण 'मॅनेजमेंट' शब्दाचं वजन मोठं. प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या टक्क्यांवरच.

२०२४ ला गणित बदललं. बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. कित्येक पोरांना ती कळलीच नाही, त्यामुळे त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली. मग काही कॉलेजांनी काय केलं? कोर्सचं नाव बदलून 'बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)' केलं. सीईटीची कटकट संपली!

दर्जासाठी परीक्षा हवी, मान्य. पण नाव बदलून ती टळत असेल, तर दर्जा कुणाचा तपासला? आणि नुकसान कुणाचं? ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजला चाललंय, त्याचं.

म्हणून पाटीवरचं नाव नको, प्रवेशाचे नियम वाचा. आणि तेही बारावीच्या निकालाआधी.