लाखेपासून सायनोॲक्रिलेटपर्यंत : हस्तनिर्मित लाकडी लेखणीच्या लेपाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास हा बहुधा शोधांचा आणि शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा पदार्थ कोणी, कोठे व केव्हा शोधला याची नोंद झाली की इतिहासकाराचे काम संपले, असा एक समज आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही रूढ झालेला दिसतो. तथापि शोध लागल्यानंतर त्या पदार्थाचे समाजात काय झाले, ज्यांच्यासाठी तो तयार झाला नव्हता त्यांच्या हाती तो कसा गेला आणि त्यांनी त्याला कोणते नवे रूप दिले, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वापरकेंद्री इतिहासलेखनाचा जो आग्रह धरला, त्याचा आशय हाच आहे.

प्रस्तुत निबंधात या दृष्टीने एक लहानसे परंतु बोलके उदाहरण अभ्यासले आहे. सायनोॲक्रिलेट म्हणजेच 'सुपर ग्लू' हा तत्काळ चिकटणारा पदार्थ आपल्याकडे 'फेविक्विक' या नावाने घराघरांत परिचित आहे. अमेरिका, ब्रिटन इत्यादी देशांतील लाकूड कातणारे हौशी व व्यावसायिक कारागीर मात्र हाताने बनविलेल्या लाकडी पेनांवर अंतिम लेप म्हणूनही त्याचा वापर करतात. चिकटविण्यासाठी बाजारात आलेला पदार्थ चकाकी देणारे रोगण कसा झाला, याचा शोध घेणे उद्बोधक ठरते.

उद्दिष्टे :

१. लेखणीवरील लेपाच्या पूर्वपरंपरांचा आढावा घेणे.
२. सायनोॲक्रिलेटच्या शोधाचा व प्रसाराचा इतिहास मांडणे.
३. लाकडी पेनाच्या लेपासाठी त्याचा स्वीकार का झाला, याची कारणमीमांसा करणे.
४. 'हस्तनिर्मित' व 'नैसर्गिक' या संकल्पनांचा या संदर्भात पुनर्विचार करणे.

विषय विवेचन :

अ) लाख आणि उरुशी : दोन पूर्वपरंपरा

कातलेल्या लाकडावर चकाकी आणण्याची भारतातील जुनी सामग्री म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम इत्यादी वृक्षांवर वाढणाऱ्या कीटकापासून ती मिळते. अथर्ववेदात लाक्षेचा उल्लेख आहे आणि महाभारतातील लाक्षागृहाची कथा सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्ध आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर पसरते व नंतर केवड्याच्या जातीच्या पानाने तिला चकाकी दिली जाते. येथे ब्रश नाही की वाळविण्याचा काळ नाही. लेथची गती हेच लेप देण्याचे साधन आहे. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

हीच लाख शुद्ध होऊन चपड्याच्या रूपाने युरोपात गेली व स्पिरिटमध्ये विरघळवून 'फ्रेंच पॉलिश' म्हणून एकोणिसाव्या शतकात तेथील फर्निचरवर स्थिरावली. पाश्चात्त्य कातारी वापरीत असलेल्या 'घर्षण पॉलिश'चा आधारही चपडाच होता. १९२४ मध्ये रांचीजवळील नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली, यावरून या वस्तूचे तत्कालीन व्यापारी महत्त्व लक्षात येते. ग्रामोफोनच्या तबकड्याही १९५० च्या दशकापर्यंत मुख्यतः चपड्याच्या मिश्रणापासून बनत असत.

दुसरी परंपरा जपानची. उरुशी हा वृक्षाचा चीक. रिओसुके नामिकी यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीपुढे एक व्यावहारिक अडचण होती. त्या काळी पेनांसाठी वापरले जाणारे एबोनाइट, म्हणजे कठीण केलेले रबर, प्रकाशाने विटत असे. त्यावर उपाय म्हणून १९२० च्या दशकात एबोनाइटवर उरुशीचा लेप देण्यात आला व पुढे त्यावर 'माकी-ए' पद्धतीचे सुवर्णचूर्णाचे चित्रकाम होऊ लागले. १९३० मध्ये लंडनच्या आल्फ्रेड डनहिल कंपनीशी झालेल्या करारामुळे ही पेने पाश्चात्त्य बाजारात पोहोचली. म्हणजेच लेखणीवरील लेप हा केवळ शोभेचा भाग नव्हता. हाताचा घाम, त्वचेचे तेल, प्रकाश व घर्षण यांपासून वस्तूचे रक्षण करणे हा त्याचा मूळ हेतू होता.

आ) सायनोॲक्रिलेटचा शोध : योगायोगाच्या कथेची चिकित्सा

१९४२ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूवर (१९१७-२०११) व त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिकचा शोध घेत होते. त्या ओघात सायनोॲक्रिलेट त्यांच्या हाती आले; परंतु ते ज्याला स्पर्श होईल त्याला चिकटून बसे. युद्धकार्याच्या दृष्टीने हा दोषच होता, म्हणून ते बाजूला ठेवण्यात आले. १९५१ मध्ये टेनेसी राज्यातील किंग्सपोर्ट येथे कूवर यांच्या देखरेखीखाली जेट विमानांच्या छतासाठी उष्णतारोधक बहुवारिकांचे संशोधन सुरू होते. सहकारी फ्रेड जॉयनर यांनी या द्रव्याचा पातळ थर अपवर्तनांकमापकाच्या दोन लोलकांमध्ये दिला आणि ते लोलक एकमेकांपासून सुटेनात. महागडे उपकरण निकामी झाले, परंतु या वेळी कूवर यांना त्यातील उपयुक्तता उमगली. १९५६ मध्ये पेटंट मिळाले व १९५८ मध्ये 'ईस्टमन ९१०' या नावाने हे उत्पादन बाजारात आले.

ही कथा 'अपघाती शोध' म्हणून वारंवार सांगितली जाते. ती खोटी नाही, मात्र अपुरी आहे. बी. एफ. गुडरिच कंपनीतील ॲलन आर्डिस यांना या संयुगांच्या निर्मितीची पेटंटे १९४९ मध्येच मिळालेली होती. शिवाय १९४२ व १९५१ या दोन्ही वेळी पदार्थाचा गुणधर्म एकच होता. बदलला तो पाहणाऱ्याचा प्रश्न. पारदर्शक प्लास्टिक हवे असता जो दोष होता, तोच चिकटद्रव्य हवे असता गुण ठरला. पदार्थाची ओळख त्याच्या रासायनिक रचनेइतकीच मानवी गरजेवर अवलंबून असते, हे सूत्र पेनाच्या बाबतीत पुन्हा प्रत्ययास येते.

पुढील प्रसार वेगाने झाला. व्हिएतनाम युद्धात १९६६ च्या सुमारास जखमी सैनिकांचा रक्तस्राव तात्पुरता थांबविण्यासाठी त्याचा फवारा वापरण्यात आला. शस्त्रक्रियेतील वापरासाठी त्याच कुळातील एका द्रव्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार पेटंटची मुदत सतरा वर्षांची असल्याने १९५६ चे पेटंट १९७३ मध्ये संपले. त्यानंतरच्या काळात हा पदार्थ स्वस्त झाला व किरकोळ दुकानांत सर्वत्र मिळू लागला. कूवर यांना २०१० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देण्यात आले.

इ) लेथवरील रूपांतर

१९८६ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेची स्थापना झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तयार धातुभागांचे संच उपलब्ध होऊ लागल्याने पेन कातण्याचा छंद फोफावला. याची पद्धत अशी. लाकडाच्या लहान ठोकळ्याला आरपार छिद्र पाडून त्यात पितळी नळी चिकटवितात, तो लेथवरील दांडीवर चढवून कातला जातो व शेवटी टोक, कडी, रिफिल इत्यादी भाग बसवितात. पितळी नळी चिकटविण्यासाठी आणि ठिसूळ लाकडातील भेगा भरण्यासाठी सायनोॲक्रिलेटची बाटली लेथजवळ आधीपासूनच असे. भेग भरताना सांडलेला थर घासल्यावर काचेसारखा चमकतो, हे कोणाही कातणाऱ्याच्या लक्षात येण्याजोगे होते. म्हणून या वापराचे श्रेय एका व्यक्तीला देण्यापेक्षा अनेक कार्यशाळांतील अनुभवाला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

चपड्याऐवजी हा लेप का स्वीकारला गेला? पेन ही सतत हाताळली जाणारी वस्तू आहे. चपडा उष्णतेने मऊ होतो, मद्यार्कात विरघळतो, पाण्याने पांढरट पडतो आणि घामट बोटांच्या नित्य स्पर्शाने त्याची चकाकी लवकर मंदावते. सायनोॲक्रिलेटचा थर कठीण, पारदर्शक व पाण्याला बराच दाद न देणारा असतो. हवेतील व पृष्ठभागावरील ओलाव्याचा अत्यल्प अंशही त्याचे बहुवारिकीकरण सुरू करण्यास पुरेसा होतो, त्यामुळे काही मिनिटांत अनेक थर देता येतात. येथे उरुशीशी एक लक्षणीय साम्य आढळते. उरुशीही कोरड्या हवेत नव्हे, तर दमट हवेत घट्ट होते. रासायनिक प्रक्रिया सर्वस्वी भिन्न असली तरी दोन्ही लेपांना ओलावा लागतो. फरक आहे तो काळाचा. उरुशीच्या प्रत्येक थरासाठी दमट कपाटात दीर्घकाळ वाट पाहावी लागते, तर येथे क्षण पुरतात.

क्षण पुरतात म्हणून कौशल्य लागत नाही, असे मात्र नव्हे. लेथ मंद गतीने फिरत असता कागदी रुमालाच्या घडीने पातळ थर द्यावा लागतो. हात थबकला तर थरावर वळ्या पडतात किंवा रुमालच चिकटतो. काही कारागीर थर सरकता राहावा म्हणून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा थेंब त्यासोबत वापरतात. शिसवीसारखे तेलकट लाकूड आधी ॲसिटोनने पुसावे लागते. थर घट्ट झाल्यावर पाण्यासह अधिकाधिक बारीक अपघर्षक कापडांनी तो घासतात. विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्यांवरील ओरखडे काढण्यासाठी वापरली जाणारी कापडेच येथेही वापरली जातात. लेपाची जाडी धातूच्या भागांच्या व्यासाशी जुळणे आवश्यक असते. सुती कापड वापरणे धोक्याचे असते, कारण कापसाशी संयोग होताच तीव्र उष्णता निर्माण होऊन भाजण्याचा व पेट घेण्याचा संभव असतो. त्याची वाफ डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रासदायक आहे. ही सारी दक्षता पेटंटच्या कागदात नाही. ती प्रात्यक्षिकांतून, छंदमंडळांतून व कारागिरांच्या परस्परसंवादातून घडलेली आहे.

ई) 'लाकडी' म्हणजे काय? एक वाद

या लेपावर कातणाऱ्यांमधूनच एक आक्षेप घेतला जातो. बोटांना स्पर्श होतो तो लाकडाचा नव्हे, प्लास्टिकचा. मग त्यास लाकडी पेन का म्हणावे? आक्षेप निराधार नाही. तेल किंवा मेण लावलेल्या लाकडाचा ऊबदार स्पर्श येथे हरवतो. परंतु हाच निकष लावला तर उरुशीच्या पेनात हात एबोनाइटला लागत नाही आणि चन्नपट्टणच्या खेळण्यात तो लाकडाला लागत नाही. लेप नेहमीच वस्तू व हात यांच्यामध्ये उभा असतो. खरा प्रश्न लेप नैसर्गिक आहे की कृत्रिम हा नसून, त्यामागचे कौशल्य व श्रम कोणाचे आहेत आणि त्यांची नोंद कोण ठेवतो, हा आहे.

लाखेच्या कारागिरांची नावे इतिहासाने क्वचितच जपली. सायनोॲक्रिलेटच्या बाबतीत कूवर व जॉयनर यांची नावे नोंदली गेली, मात्र त्याचे रोगणात रूपांतर करणारे हात अनामिकच राहिले. साधने आधुनिक झाली तरी नोंदीतील ही विषमता कायम राहिली आहे.

निष्कर्ष :

१. सायनोॲक्रिलेटचा लेप म्हणून वापर हा प्रयोगशाळेतील दुसरा शोध नसून कार्यशाळेतील अनुभवाचे फलित आहे.
२. फिरत्या लाकडावर गतीच्या साहाय्याने लेप देण्याचे तत्त्व लाखेच्या परंपरेत पूर्वीच सिद्ध झाले होते. द्रव्य बदलले, तरी हाताचे तंत्र बऱ्याच अंशी तेच राहिले.
३. पदार्थाचे गुण-दोष निरपेक्ष नसतात. वापरकर्त्याच्या गरजेनुसार दोषाचा गुण होतो.
४. 'नैसर्गिक विरुद्ध कृत्रिम' या द्वंद्वापेक्षा कौशल्याचे स्वरूप हा हस्तकलेच्या मूल्यमापनाचा अधिक योग्य निकष होय.

महाविद्यालयीन स्तरावर स्थानिक इतिहासाचे प्रकल्प देताना कातारी, सुतार, रंगारी यांच्या कार्यशाळांतील द्रव्ये, हत्यारे व पद्धती यांची मौखिक नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. पेटंटची कागदपत्रे अभिलेखागारात सुरक्षित राहतात. हाताचे ज्ञान मात्र त्या हातांबरोबर नाहीसे होते. त्याची नोंद वेळेत करणे ही इतिहासाच्या अध्यापकांचीही जबाबदारी आहे.