पोस्टाने घरी आलेला विषय

पीएच.डी. चालू असताना अपंगत्व आणि पुनर्वसन या विषयातली ऑनलाइन पदविका करतेय, असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘तू सायन्सची ना? मग हे कशाला?’ दुसरा जरा हळू आवाजात येतो. ‘ऑनलाइन डिप्लोमाला किंमत असते का गं?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माझं संशोधन माणसाच्या चालीवर आहे. पायांवर खुणा चिकटवायच्या, कॅमेऱ्यासमोरून चालायला लावायचं आणि गुडघा किती अंशात वाकतो त्याचा आलेख काढायचा. आलेखात एक करडा पट्टा असतो, त्याला आम्ही ‘नॉर्मल’ म्हणतो. ज्याची रेघ पट्ट्याबाहेर जाते त्याच्या चालीत ‘दोष’. हा पट्टा काही निरोगी माणसांच्या मोजमापांवरून काढतात, इतकं एम.एस्सी.ला शिकवलं होतं. पट्ट्याबाहेरच्या माणसाचं पुढे काय होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे आणि ते मला फार आवडतं. अपंगत्व-अभ्यास म्हणजे डिसॅबिलिटी स्टडीज या विषयाचा पहिला अभ्यासक्रम म्हणून जो ओळखला जातो, तो मुळात दूरशिक्षणाचाच होता. ना वर्ग, ना बाकं. पोस्टाने येणारी पुस्तकं आणि बीबीसीवरचे कार्यक्रम.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या पदवीची किंवा गुणपत्रिकेची अट नव्हती. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांची ही लाडकी कल्पना. अनेकांनी तिची टर उडवली होती. पण जिने चढून वर्गात पोचणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी विद्यापीठच घरी आलं. १९७५ मध्ये तिथे एक अभ्यासक्रम सुरू झाला, ‘द हँडिकॅप्ड पर्सन इन द कम्युनिटी’. तो घेणाऱ्यांत परिचारिका, समाजसेवक अशा अपंगांसोबत काम करणाऱ्या लोकांचा भरणा जास्त होता. नावही बघा, ‘हँडिकॅप्ड पर्सन’. म्हणजे प्रश्न त्या व्यक्तीत आहे आणि समाजाने तिला सामावून घ्यायचंय.

याच अभ्यासक्रमावर शिकवायला आले व्हिक फिंकेलस्टाइन. जन्म १९३८, जोहान्सबर्ग. शाळेत असताना, १९५४ साली, पोल व्हॉल्ट मारताना मानेला इजा झाली आणि पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. पुनर्वसनासाठी त्यांना इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात नेलं होतं. लुडविग गुटमान यांनी १९४८ मध्ये व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा जिथे भरवल्या आणि ज्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं, तेच हे रुग्णालय. मायदेशी परतल्यावर फिंकेलस्टाइन वर्णभेदाविरुद्धच्या चळवळीत पडले. तुरुंगवास झाला, आणि सुटल्यावर सरकारने पाच वर्षांचा ‘बॅनिंग ऑर्डर’ बजावला. अमुक ठिकाणी जायचं नाही, सभांना हजर राहायचं नाही, वगैरे वगैरे. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). यातल्या बऱ्याच ठिकाणी ते आधीही जाऊ शकत नव्हते, कारण तिथे पायऱ्या होत्या. एक बंदी सरकारने कागदावर घातली होती, दुसरी इमारतींनी घातली होती. पहिलीला सगळे अन्याय म्हणत होते. दुसरीला दुर्दैव म्हणत होते. १९६८ मध्ये ते निर्वासित म्हणून ब्रिटनला आले तेव्हा हा फरक डोक्यात पक्का बसलेला होता.

तिथे त्यांची गाठ पडली पॉल हंट यांच्याशी. हंट यांना स्नायूंचा ऱ्हास होत जाणारा आजार होता आणि हँपशरमधल्या ‘ल कोर्ट’ या संस्थेत ते अनेक वर्षं राहिले होते. ही लेनर्ड चेशर यांची संस्था. त्यांच्या भारतातल्या कामाची सुरुवात १९५०च्या दशकात मुंबईतून झाली, त्यामुळे चेशर होम हे नाव आपल्याकडेही ओळखीचं आहे.

ल कोर्टमधली पुढची गोष्ट संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी असं मला वाटतं. संस्थेचा कारभार कसा चालावा यात आपलं मत घेतलं जावं म्हणून रहिवासी भांडत होते. आपली बाजू कुणीतरी अभ्यासून मांडावी म्हणून त्यांनी स्वतःहून संशोधकांना बोलावलं. टॅव्हिस्टॉक संस्थेचे मिलर आणि ग्विन आले, त्यांनी अभ्यास केला आणि १९७२ मध्ये ‘अ लाइफ अपार्ट’ हे पुस्तक काढलं. निष्कर्ष काय? अशा संस्थेत येणारा माणूस सामाजिकदृष्ट्या मेलेला असतो. शरीराने मरेपर्यंतचा काळ बरा कसा जाईल हे पाहणं संस्थेचं काम. ज्यांनी बोलावलं, त्यांच्याबद्दल हे! हंट यांनी नंतर या संशोधकांना ‘परजीवी’ म्हटलं. शब्द कडक आहे, पण मला तो रास्त वाटतो. दोन्ही बाजू नीट ऐकल्या, मध्ये उभे राहिलो, म्हणजे आपण तटस्थ झालो असं संशोधकांना वाटत होतं. ज्याच्या हातात किल्ल्या आहेत आणि जो कोंडलेला आहे, त्यांच्या बरोबर मध्ये उभं राहणं तटस्थ कसं होईल?

त्याच वर्षी, २० सप्टेंबर १९७२ला, हंट यांचं पत्र ‘गार्डियन’मध्ये छापून आलं. अशा संस्थांत अडकलेल्या लोकांनी आपली संघटना करावी, असं आवाहन होतं. प्रतिसाद देणाऱ्यांत फिंकेलस्टाइन पती-पत्नी होते. त्यातून ‘युपियास’ ही संघटना झाली. बराचसा कारभार पत्रांतून चालायचा, म्हणजे इथेही पोस्टच. १९७५-७६ मध्ये त्यांनी एक साधी पण फार मोठी फोड केली. ‘इम्पेअरमेंट’ म्हणजे शरीरातली उणीव, पाय नसणं किंवा न चालणं. ‘डिसॅबिलिटी’ म्हणजे त्यावर समाजाने लादलेले अडथळे. पहिलं माझ्या करड्या पट्ट्यावर दिसतं, दुसरं दिसत नाही.

फिंकेलस्टाइन यांनी हे समजावायला एक गाव कल्पिलं. तिथे सगळे व्हीलचेअरवर. मग छत उंच कशाला? दारं-छतं खाली आणली. बाहेरून चालती माणसं राहायला आली की त्यांची डोकी दारांवर आपटायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास केला, कपाळावरच्या टेंगळांची नोंद घेतली, हेल्मेटं दिली, कमरेत वाकवून ठेवणारे पट्टे बनवले. नोकऱ्या मिळेनात म्हणून दानशूरांनी निधी उभारला. दारं उंच करावीत हे सुचलं ते चालणाऱ्यांना, एकत्र बसून बोलल्यावर.

ही माणसं आत आली आणि ओपन युनिव्हर्सिटीचा अभ्यासक्रम आवृत्तीगणिक बदलत गेला. लिहिणाऱ्यांत अपंग लोक वाढले. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सोशल मॉडेल’ हे नाव दिलं. तेही मानेच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणारे. १९९४ मध्ये अभ्यासक्रमाचं नाव झालं ‘द डिसेबलिंग सोसायटी’. विद्यार्थी पूर्वी व्यक्तीचा अभ्यास करत होते, आता समाजाचा करू लागले. पुढे टीकाही झाली, आणि योग्यच झाली: वेदना, थकवा या गोष्टी रॅम्प बांधून जात नाहीत. स्त्रीवादी अभ्यासकांनी हे ठासून मांडलं.

आपल्याकडे इग्नू १९८५ची, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९चं. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. अपंगत्वाचे प्रकार १९९५च्या कायद्यात ७ होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. आणि मराठीत ‘पुनर्वसन’ म्हटलं की आधी आठवतं धरण. कोयना, किल्लारी, विस्थापितांच्या वसाहती. त्या पुनर्वसनात निदान एक गोष्ट सगळ्यांना मान्य असते: या माणसांना कुणीतरी उठवलंय, आणि त्यांचं काहीतरी देणं लागतं. अपंगांच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो, पण ते देणं विसरतो आणि उपकाराची भाषा सुरू होते.

आमच्या पदविकेत सोशल मॉडेल दुसऱ्या घटकात येतं. ‘इम्पेअरमेंट आणि डिसॅबिलिटी यांतील फरक स्पष्ट करा’, ५ गुण. त्या घटकाची पीडीएफ म्हणजे छापील पानांचे फोटो आहेत, त्यामुळे स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. आमच्या तुकडीत एक मित्र अंध आहे. गेल्या रविवारी आम्ही तिघांनी पानं वाटून घेतली आणि ती टाइप करून त्याला पाठवली. संस्थेला लिहिलेल्या मेलमध्ये त्याने २०१६च्या कायद्यातलं कलम ४२ उद्धृत केलंय, आणि खाली आमच्या तिघांच्या सह्या आहेत.