जुनी बुलेट मध्येच ‘मिसिंग’ का करते? दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

जुनी बुलेट घेऊन तुम्ही कसारा घाट चढताय. पुढे ट्रक आहे, ओव्हरटेक करायला तुम्ही रेस दिलीत आणि नेमकी त्याच क्षणी गाडी गचके देऊ लागली. सायलेन्सरमधून एक ‘फट्’ आवाज, अर्धा सेकंद सगळं शांत, मग पुन्हा ‘धक-धक’ सुरू. घाबरत घाबरत तुम्ही गॅरेज गाठता. तिथे मेकॅनिक किक मारतो आणि गाडी घड्याळासारखी चालते!

“काही नाही हो, चांगली आहे गाडी.”

जुन्या गाडीचा हा सगळ्यात वैताग आणणारा आजार. कधी होतो, कधी होत नाही. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, कॉइल बदलली जाते, शेवटी “इंजिन खोलावं लागेल” इथपर्यंत गोष्ट जाते. खिशाला कात्री लागते आणि दोष मात्र तिथेच राहतो. बऱ्याचदा तो एखाद्या सैल वायरचा किंवा बुजलेल्या भोकाचा असतो. आणि ओव्हरटेक करताना गाडीने दगा देणं हा नुसत्या खर्चाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे.

म्हणूनच हा दोष पद्धतशीर कसा शोधायचा, ते बघूया. उदाहरणासाठी पॉइंटवाली, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० घेऊ. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं हे इंजिन फारसं न बदलता बनत राहिलं.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. म्हणजे ३००० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा. यातला एखादा स्फोट झालाच नाही, तर त्याला मिसिंग म्हणतात. बुलेटला सिलिंडर एकच असल्यामुळे सांभाळून घ्यायला दुसरा कोणी नसतो, गचका थेट तुमच्या पाठीला कळतो. न जळलेलं मिश्रण पुढे गरम सायलेन्सरमध्ये पेटतं, तोच तो ‘फट्’ आवाज.

मिश्रण पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर पडणारा दमदार करंट, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि पुरेसं कॉम्प्रेशन. दोष या तिघांपैकी एकात असतो. आणि तो अधूनमधून येतो, याचा अर्थ उष्णता, हादरे, पाणी किंवा लोड यापैकी काहीतरी त्याला जागं करतं.

पाना हातात घेण्याआधी: दोष ‘कधी’ येतो?

पुढच्या राइडला एवढंच लक्षात ठेवा किंवा मोबाइलवर टिपून ठेवा:

- खड्ड्यात किंवा हँडल वळवल्यावर: वायर, कनेक्शन, इग्निशन स्विच, अर्थिंग.
- पावसात किंवा गाडी धुतल्यावर: प्लग कॅप, एचटी वायर.
- हेडलाइट लावल्यावर वाढतं: बॅटरी किंवा चार्जिंग कमजोर.
- फक्त चढावर, पूर्ण रेसला: कमजोर करंट, पॉइंट, मेन जेट, पेट्रोलचा प्रवाह.
- फक्त स्लो रनिंगला: पायलट जेट, कार्बोरेटरच्या जोडातून शिरणारी हवा, फार घट्ट टॅपेट.
- अर्ध्या तासाने, गाडी तापल्यावर: कॉइल, कंडेन्सर किंवा टाकीच्या झाकणाचं भोक.

आणखी एक खूण. गाडी बटण दाबल्यासारखी अचानक बंद पडून अचानक सुरू होत असेल, तर बहुधा करंटचा दोष. हळूहळू दम सोडत असेल, तर पेट्रोलचा. हा काही पक्का नियम नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

पायरी १: बॅटरी आणि वायरिंग

फुकटात होणारी तपासणी आधी. बॅटरीची टर्मिनल काढा, पांढरी बुरशी घासा, घट्ट बसवा. बॅटरीची अर्थ वायर जिथे चासीला लागते तिथला रंग आणि गंज खरवडून काढा. गाडी स्लो रनिंगला ठेवून कमी व्होल्टच्या वायरी एकेक हलवून बघा. एखादी हलवताच इंजिन अडखळलं, तर चोर सापडला!

बुलेटच्या हेडलाइटवरच्या अँमीटरकडेही लक्ष द्या. इग्निशन चालू करून किक हळूच फिरवा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की शून्यावर येतो. काटा हललाच नाही, तर करंट पॉइंटपर्यंत पोहोचत नाही किंवा पॉइंट नीट उघडझाप करत नाहीत.

इग्निशन स्विचवर संशय असेल, तर बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाकडून फ्यूज लावलेली एक वायर थेट कॉइलच्या फीडला जोडा आणि छोटी चक्कर मारा. मिसिंग गेलं, तर दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये. मात्र ही वायर जोडलेली असताना चावीने गाडी बंद होत नाही. चाचणी संपली की लगेच काढा, नाहीतर कॉइल तापून जळते.

पायरी २: प्लग

मिसिंग सुरू होताच क्लच दाबा, इग्निशन बंद करा आणि सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. इंजिन जरा निवलं की प्लग काढा. घरी येईपर्यंत थांबलात तर प्लगचा रंग बदलतो.

- फिकट तपकिरी: ठीक.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर बंद.
- पेट्रोलने ओला: करंट पडत नाही.
- तेलकट काळा: इंजिन ऑइल वर येतंय.
- पांढराफटक: पेट्रोल कमी किंवा कुठूनतरी जादा हवा.

पॉइंटवाल्या बुलेटला प्लगचा गॅप साधारण ०.४५ ते ०.५० मिमी ठेवतात.

इथे एक मोठा गैरसमज आहे. प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली की “करंट चांगला आहे” असं म्हटलं जातं. पण बाहेरच्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरच्या आत दाबाखाली तीच ठिणगी पाडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. पूर्ण रेसला सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि कमजोर करंट तिथेच हार मानतो. गॅरेजमध्ये चांगली चालणारी गाडी घाटात का गचकते, त्याचं एक उत्तर हे आहे.

पायरी ३: पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेजने, पॉइंट पूर्ण उघडे असताना मोजा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि करंट उशिरा पडतो. पॉइंटवर तेल आलं असेल तर स्वच्छ कोरड्या कागदाने पुसा, खड्डे पडले असतील तर बदला. शाफ्ट बोटाने हलवून बघा. तो लटपटत असेल, तर गॅप दर फेरीला बदलतो आणि कितीही सेटिंग केलं तरी टिकत नाही. ऑटो अॅडव्हान्सची वजनं मोकळी हलतात का, तेही तपासा.

अंधारात गाडी सुरू करून पॉइंट बघा. बारीक ठिणगी चालते, पण मोठ्या भगभगीत ठिणग्या पडत असतील तर कंडेन्सर संशयित. मात्र नवीन कंडेन्सर म्हणजे चांगलाच असेल असं नाही. जुना लगेच फेकू नका.

त्याच अंधारात कॉइल, एचटी वायर आणि प्लग कॅपवरही नजर टाका, हात लावू नका. निळसर ठिणगी बाहेर उडताना दिसली, तर करंट तिथून गळतोय.

पायरी ४: कॉइल की टाकीचं झाकण?

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गाडी अर्धा तास छान चालते, मग मिसिंग करून बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू! “कॉइल गरम होतेय” असं निदान होतं. ते बरोबर असूही शकतं, कारण आतली तार तापल्यावर तुटू शकते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणूनच थंड कॉइल मीटरवर बरोबर दिसली तरी ती निर्दोष ठरत नाही.

पण टाकीच्या झाकणातलं बारीक भोक बुजलं, तरी अगदी असंच होतं. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल थांबतं. थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी सुरू होते.

फरक ओळखायचा तर बंद पडताच, न थांबता, झाकण उघडा आणि किक मारा. हवा आत खेचल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर दोष झाकणाचा. भोक साफ करायला एक पिन पुरते. झाकण उघडूनही गाडी सुरू होत नसेल आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल असेल, तर प्लग काढून करंट तपासा. गरम असताना करंट नाही, थंड झाल्यावर आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सर. आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त असतो.

पायरी ५: पेट्रोल

पेट्रोलचा पाइप काढून कॉक उघडा आणि पारदर्शक बाटलीत पेट्रोल घ्या. धार सलग हवी. बाटली थोडा वेळ ठेवा. तळाला गंज किंवा पाण्याचा थर दिसला, तर आधी टाकी साफ करा, नाहीतर कार्बोरेटर पुन्हा पुन्हा भरेल. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी शोषतं आणि जुने रबरी पाइपही खराब करतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीकडे जास्त लक्ष द्या.

पायरी ६: टॅपेट

इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला. या स्थितीत पुशरॉड बोटांनी मोकळी फिरायला हवी, पण वरखाली खेळ नको. फार घट्ट असेल, तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं.

जावा, येझदी, आरएक्स १०० असेल तर?

या जुन्या गाड्या टू-स्ट्रोक आहेत, त्यामुळे टॅपेट नसतात. पण क्रँकचं सील गेलं की तिथून हवा शिरते आणि गाडी मिसिंग करते. आरएक्स १०० मध्ये पॉइंटच्या जागी सीडीआय असतं. बाकी क्रम तोच.

हे विसरू नका

- एका वेळी एकच गोष्ट बदला, मग चक्कर मारा. तीन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.
- करंट तपासताना प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते.
- चालू इंजिनावर प्लग कॅप ओढू नका. हजारो व्होल्टचा झटका बसतो. पेसमेकर असलेल्यांनी या कामापासून लांबच राहावं.
- पेट्रोलचं काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करा.
- दोष सापडेपर्यंत घाटात ओव्हरटेक टाळा.

लांबच्या राइडला एक प्लग, पॉइंट-कंडेन्सरचा सेट, फिलर गेज आणि हातभर वायर सोबत ठेवा. आणि पुढच्या वेळी गॅरेजला गेलात की “गाडी मिसिंग करते” एवढंच सांगू नका. “तापल्यावर, चौथ्या गिअरला, चढावर करते आणि झाकण उघडून फरक पडत नाही” असं सांगा. चांगला मेकॅनिक तिथेच अर्धं काम झालं म्हणेल आणि इंजिन खोलायची वेळ बहुतेक येणारच नाही.